दुसऱ्या भेटीची सोय : दुर्गम भागात मानसिक आरोग्यसेवा कशी उभी करावी

झिंबाब्वेतले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा एक आठवण अनेकदा जाहीरपणे सांगतात. त्यांची एक तरुण रुग्ण होती. तिने पुन्हा दाखवायला यायचं असं ठरलेलं होतं. डॉक्टर ओळखीचे होते, घरच्यांनाही उपचार हवे होते. पण हॉस्पिटलपर्यंतचं बसभाडं घरात जमेना. तिने आत्महत्या केल्याचं डॉक्टरांना तिच्या आईच्या फोनवरून कळलं.

दुर्गम भागातल्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की डॉक्टरांची कमतरता, अज्ञान, लोकलज्जा ही कारणं आपण पाठ म्हटल्यासारखी सांगतो. ती खरीच आहेत. पण या घरात अडलं ते अंतरापाशी. आणि हे अंतर एकदा कापून भागणारं नव्हतं, पुन्हा पुन्हा कापावं लागणार होतं.

मनाचे बहुतेक आजार एका भेटीत बरे होत नाहीत. म्हणून शिबिरापासून सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. शिबिरात शंभर जणांना गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांनी गोळ्या संपल्या आणि नंतर कोणी फिरकलंच नाही, तर गाव त्यातून एवढंच शिकतं की ‘औषध घेऊन बघितलं, काही फरक पडला नाही.’ ही समजूत पुसायला पुढे वर्षं जातात. त्यापेक्षा दहाच जण घ्या, पण त्यांची दुसरी, तिसरी, सहावी भेट कुठे आणि कोणाशी होणार हे पहिल्या भेटीआधी ठरवा. खाली जे काही सांगितलं आहे ते या एका गोष्टीसाठी आहे. आरोग्य केंद्रात काम करणारे, संस्था चालवणारे, गावाच्या कारभारात असलेले, कोणीही हे करू शकतं. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

सुरुवात : तो रस्ता स्वतः चालून बघा

पहिले तीन-चार आठवडे काहीही सुरू करू नका. एखाद्या रुग्णाच्या घरून निघा, ते लोक ज्या वाहनाने जातात त्याच वाहनाने उपचाराच्या जागेपर्यंत जा, रांगेत थांबा, औषध घ्या आणि परत या. किती तास गेले, कोणत्या दिवशी वाहन मिळत नाही, वर्षातले कोणते महिने रस्ता बंद असतो, सोबत येणाऱ्याची किती मजुरी बुडते, हे सगळं लिहून काढा. नकाशावर तीस किलोमीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात दोन दिवसांचं निघू शकतं. तुमच्या योजनेचा पहिला कागद हाच.

याच काळात लोकांचे शब्दही गोळा करा. ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत कोणी दाराशी येत नाही. झोप उडाली आहे, जीव घाबरा होतो, डोकं जड राहतं, अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही, असं लोक सांगतात. झिंबाब्वेत शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ अति विचार करणं. चिबांडा यांच्या कामाने हाच शब्द उचलला, म्हणून लोकांना ते आपलं वाटलं. तुमच्या भागातले असे वीस-पंचवीस शब्द लिहून ठेवा. पुढचं प्रत्येक पत्रक, प्रत्येक प्रश्न याच शब्दांत असू द्या.

विचारपूस करताना कधी कधी कळतं की एखाद्या घरात माणूस कोंडून किंवा बांधून ठेवला आहे. तिथे पहिल्याच दिवशी खडसावू नका. घरातल्या सगळ्यांना दिवसभर कामाला जावं लागतं, माणूस दोनदा हरवलेला असतो, उपचारांवर होतं ते सगळं खर्चून झालेलं असतं, आणि मग घरच्यांनी हा मार्ग धरलेला असतो. याचा अर्थ ते चालू द्यायचं असा नाही. बांधून न घेता जगणं हा त्या माणसाचा हक्क आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराने मानसिक आजार असलेल्यांचे हक्कही मान्य केले आहेत. पण साखळी सुटायची तर त्याच आठवड्यात औषध सुरू व्हायला हवं, दिवसा सोबत थांबणारं कोणी हवं आणि पहिले पंधरा दिवस रोज कोणाचं तरी येणं-जाणं हवं. ही तयारी नसेल तर साखळी पुन्हा बांधली जाते. हे घर तुमच्या यादीत सगळ्यात वर ठेवा.

माणसं कोण निवडायची

चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारे शहरात काम सुरू केलं तेव्हा त्यांच्या हाताशी तज्ज्ञ नव्हते. होत्या १४ आज्या, आरोग्याचं काम करणाऱ्या, वस्तीत सगळ्यांना ठाऊक असलेल्या. दवाखान्याच्या आवारात बाक टाकले. बाकाच्या नावात ‘मानसिक आरोग्य’ होतं तोवर तिथे कोणी बसेना. नाव बदला, हे आज्यांनी सुचवलं आणि तो ‘मैत्रीचा बाक’ झाला. २०१६ मध्ये ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या सेवेतल्या जवळपास ५० टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं होती, बाकावर बसून बोललेल्यांमध्ये सुमारे १४ टक्के.

पाकिस्तानच्या ग्रामीण भागातलं काम आणखी जवळचं वाटावं असं आहे. तिथल्या आरोग्यसेविका गरोदर बायकांकडे तशाही जातच होत्या. त्याच गृहभेटींत नैराश्यावरचं बोलणं गुंफलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९०३ माता होत्या. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी साध्या गृहभेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के अजूनही नैराश्यात होत्या, हे बोलणं मिळालेल्यांपैकी २३ टक्के. यातली घेण्यासारखी गोष्ट अशी की नवी फेरी लावावी लागली नाही. लसीकरण, बाळंतिणीची भेट, क्षयरोगाचं औषध, रक्तदाबाची तपासणी, जी फेरी आधीच चालू आहे तिच्यात हे काम बसवा. दुसऱ्या भेटीचा प्रवास मग रुग्णाला करावा लागत नाही.

शिक्षण, हुशारी, बोलकेपणा यांपेक्षा निवड करताना मी एकच गुण पाहीन : तोंडात तीळ भिजणं. छोट्या गावात गुप्तता हा फार मोठा प्रश्न असतो. पारख करायची सोपी रीत आहे. वेगवेगळ्या घरांतल्या पंधरा-वीस जणांना एकेकटं गाठून विचारा, “घरातली अवघड गोष्ट बाहेर कोणाला सांगायची वेळ आली, तर कोणाला सांगाल?” दोन-चार नावं पुन्हा पुन्हा येतील. “कोणाला अजिबात सांगणार नाही?” हेही विचारा, कारण कधी कधी गावातली सगळ्यात उत्साही व्यक्ती नेमकी या दुसऱ्या यादीत सापडते. जे गट एकमेकांच्या घरी जात-येत नाहीत, त्या प्रत्येकातलं कोणीतरी हवं. पुरुषही हवेत, दारूबद्दल पुरुष पुरुषाशीच लवकर बोलतात. आणि ज्याला आपल्या गावातल्या कोणाशीच बोलायचं नाही, त्याला शेजारच्या गावातल्या कार्यकर्त्याकडे जाता येईल अशी मुभा असू द्या.

मानधन द्या. सेवाभावावर वर्षभर काम निघतं. नंतर ती माणसं मजुरीला जातात, आणि रुग्णांच्या पुढच्या भेटी त्यांच्याबरोबरच जातात.

बसायची जागा अशी हवी की लोकांना दिसेल पण ऐकू येणार नाही. बंद खोलीत एखादी बाई तासभर बसली की चर्चा होते. झाडाखाली बसलेल्या दोघींकडे कोणी वळूनही पाहत नाही. केंद्रात वेगळी पाटी आणि वेगळा वार लावू नका. रक्तदाब-मधुमेहाच्या रांगेतच याही रुग्णांना बसू द्या.

काय शिकवायचं, आणि त्याहून जास्त : शिकवल्यानंतर काय

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये मानसिक आरोग्यातली दरी भरून काढण्यासाठी एक कार्यक्रम सुरू केला. तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टर-परिचारिकांसाठी त्याची मार्गदर्शिका आहे. कार्यकर्त्यांसाठी पाच बैठकींची एक वेगळी पद्धतही आहे. तिच्यात ताण हलका करणं, अडचणी सोडवणं, पुन्हा कामाला लागणं आणि माणसांशी जोडून घेणं एवढंच असतं. तयार साहित्य आहे, ते घ्या. स्वतःचा अभ्यासक्रम बनवण्यात सहा महिने घालवू नका.

यातलं ‘पुन्हा कामाला लागणं’ जरा उलगडून सांगते, कारण सगळ्यात सोपं आणि सगळ्यात परिणामकारक तेच आहे. मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी मैत्रिणीकडे जाणं, मग अंघोळ वेळेवर करणं, मग अंगणात येणंही. जितकं सुटतं तितकं मन आणखी खाली जातं. ‘बरं वाटलं की करीन’ असं तो म्हणतो, आणि बरं वाटायची वेळ येत नाही. कार्यकर्त्याने हा क्रम उलटा करायचा असतो. आधी कृती, मनाची उभारी मागाहून. पूर्वी काय आवडायचं, काय महत्त्वाचं होतं ते विचारायचं. त्यातलं एक अगदी लहान काम निवडायचं. वार, वेळ, कोणासोबत, हे ठरवायचं. ‘रोज फिरायला जाईन’ हा ठराव मोडतो. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी पाणी भरून झाल्यावर बहिणीच्या घरापर्यंत जाऊन येईन’ हा टिकतो. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्याबद्दलच. जमलं नसेल तर बोल लावायचा नाही, काम आणखी लहान करायचं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्याच्या रुग्णांसाठी सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत मुख्यतः हेच केलं, आणि नेहमीच्या सेवेपेक्षा रुग्णांना जास्त गुण आला.

प्रशिक्षणात व्याख्यानं कमी, सोंग वठवणं जास्त. एकीने रुग्ण व्हायचं, दुसरीने ऐकायचं, तिसरीने बघायचं. लोक लगेच सल्ला द्यायला लागतात आणि धर्म, नशीब, ‘मन घट्ट कर’ यावर येतात. ही सवय मोडायला दहा-बारा वेळा सोंग करावं लागतं.

पण प्रशिक्षणाचा असर पावसाच्या पाण्यासारखा असतो, महिन्याभरात जिरून जातो. खरं काम उभं राहतं ते देखरेखीवर. आठवड्यातून एकदा चार-पाच कार्यकर्त्यांनी बसायचं, प्रत्येकीने एक अवघड केस मांडायची, एका अनुभवी व्यक्तीने, फोनवरून का होईना, ऐकायचं. गोव्यातल्या समुपदेशकांनी तर रुग्णांच्या संमतीने बैठकी ध्वनिमुद्रित केल्या आणि एकमेकांच्या बैठकी ऐकून गुण दिले. तज्ज्ञ रोज मिळत नसेल तर ही रीत फार मोलाची आहे. पैसे अपुरे पडले तर प्रशिक्षणाचे दिवस कमी करा, देखरेखीचा तास कमी करू नका.

आजार ओळखायचा कसा

घरोघरी जाऊन सर्वेक्षण करण्याचा मोह टाळा. उपचार द्यायची सोय होण्याआधी माणसाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं बरं नव्हे. जे येतात, जे वारंवार डोकेदुखी, अंगदुखी, धडधड घेऊन येतात आणि तपासणीत काही सापडत नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा.

त्यांच्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्य चाचपण्याची नऊ प्रश्नांची यादी कामाची आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं, एकूण गुण ० ते २७, आणि १० किंवा जास्त आले तर पुढची तपासणी. आधी पहिले दोनच प्रश्न विचारले तरी चालतात : कशात रस वाटत नाही का, आणि मन उदास असतं का. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं कोणतंही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी पुढचं बोलणं व्हायला हवं. यादी वाचून दाखवा आणि स्थानिक शब्दांत विचारा. ती निदान करत नाही, फक्त पुढची वाट दाखवते.

काही गोष्टी कार्यकर्त्यांच्या मनावर ठसवाव्या लागतात. वृद्ध माणूस काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक भ्रमिष्ट झाला तर ते बहुतेक वेळा शरीराच्या आजाराचं लक्षण असतं, त्याला लगेच हॉस्पिटलात न्या. थकवा आणि उदासपणामागे रक्तक्षय किंवा थायरॉइडचा त्रास असू शकतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालू नका. एकदम थांबवल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत झटके आणि भ्रम येऊन जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आणि फेफरं. तो मेंदूचा आजार आहे, पण त्याला याच कामात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतही तो आहे. स्वस्त औषधाने अनेकांचे झटके थांबतात आणि ते अख्ख्या गावाला दिसतं. ज्याला बाहेरची बाधा म्हणत होते तो मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला, की केंद्रावरचा विश्वास जितका वाढतो तितका तो भिंतीवरच्या शंभर घोषवाक्यांनी वाढत नाही.

औषधं : इथेच साखळी तुटते

औषध लिहून देणं डॉक्टरांचं काम आहे. ते पोहोचवणं, चालू ठेवणं आणि मध्येच सुटलं तर ओळखणं हे तुमचं.

नैराश्यावरच्या गोळ्यांची एक अडचण गावात कोणी समजावून सांगत नाही. त्रास आधी होतो, गुण नंतर येतो. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी सुरू केली की पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी, झोपेची कुरबुर होऊ शकते. मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. मधल्या दिवसांत माणूस गोळी टाकून देतो. म्हणून दुसरी भेट महिन्याने ठेवू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी कार्यकर्त्याने घरी जावं किंवा फोन करावा : मळमळते का, जेवणानंतर घेता का, जीव फार तगमगतो का, मरणाचे विचार वाढले का. तरुण मुलांच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. मग दुसऱ्या आठवड्यात एक भेट, चौथ्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलणं. एवढं झालं की बरीच माणसं टिकतात.

दुसरी गळती बरं वाटल्यावर होते. बरं वाटल्यानंतरही साधारण नऊ ते बारा महिने गोळी चालू ठेवायची असते आणि थांबवताना हळूहळू कमी करायची असते. हे पहिल्याच दिवशी सांगा आणि कागदावर लिहून द्या. ‘आयुष्यभर घ्यावी लागेल का?’ हा प्रश्न लोकांच्या ओठावर असतो, तो त्यांनी विचारण्याआधी उत्तर द्या.

भास, संशय, असंबद्ध बोलणं अशा तीव्र आजारांवरच्या औषधांनी कधी कधी मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जीभ जड होते. घरचे घाबरून जातात आणि पुन्हा औषधाचं नाव काढत नाहीत. यावर उतारा आहे आणि तो लवकर लागू पडतो. तो केंद्रात कायम ठेवा आणि ‘असं झालं तर लगेच या, घाबरू नका’ हे घरच्यांना आधीच सांगा. रोजच्या गोळ्या जमत नसतील तर काही आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत. रुग्णाला समजावून, त्याची मर्जी घेऊन ती दिली, तर दूरच्या वस्तीसाठी ती फार सोयीची ठरतात.

मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं लिथियम हे औषध रक्ततपासणीशिवाय देता येत नाही. उन्हातान्हात घाम जाऊन किंवा जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर त्याची विषबाधाही होऊ शकते. जवळ प्रयोगशाळा नसेल तर डॉक्टरांशी आधी बोला. फेफऱ्यावर आणि याच चढउतारांवर दिलं जाणारं व्हॅलप्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बायकांना शक्यतो देऊ नये, गर्भाला धोका असतो. आणि झोपेच्या गोळ्या. घबराट, निद्रानाश, दुःख, सगळ्यांवर सर्रास त्याच दिल्या जातात आणि वर्षानुवर्षं सुटत नाहीत. माझ्या मते दुर्गम भागातल्या उपचारांची सर्वांत मोठी चूक हीच आहे.

साठ्याचा नियम साधा ठेवा. सहा-सात औषधांचीच यादी. प्रत्येकाचा महिन्याचा खप लिहिलेला. साठा दोन महिन्यांच्या खाली आला त्या दिवशी मागणी. रस्ता बंद होण्याआधी चार महिन्यांचा साठा. मात्र ज्याच्या मनात मरणाचे विचार आहेत त्याच्या हाती एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या, आणि त्याही घरातल्या विश्वासू माणसाकडे.

फोनवरचा डॉक्टर

व्हिडिओवरून मनोविकारतज्ज्ञांशी बोलता येतं हे खरं, पण रुग्णाच्या हातात दुवा देऊन काम होत नाही. रुग्ण आरोग्य केंद्रात परिचारिकेशेजारी बसलेला हवा. ती माहिती सांगते, नाडी-रक्तदाब बघते, डॉक्टर बोलतात आणि औषध तिथेच हातात मिळतं. वार ठरलेला, डॉक्टर तोच. दर वेळी नवा चेहरा आला की रुग्णाला आपली गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते, आणि तिसऱ्या वेळी तो येत नाही. चित्र अडखळत असेल तर नुसता आवाजी फोन करा. खोलीचं दार बंद हवं, कानाला हेडफोन हवा.

डॉक्टरांकडे आठवड्यातला एकच तास असेल, तर त्यातला अर्धा तास रुग्णांऐवजी कार्यकर्त्यांच्या प्रश्नांसाठी मागून घ्या.

घरात एकच मोबाइल असतो आणि तो बहुधा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. पाठपुराव्याचा फोन करताना कोण उचलेल, काय सांगायचं, हे आधी ठरवा. ‘लसीकरणाची तारीख सांगायची होती’ एवढं पुरतं.

जीव देण्याची भाषा ऐकू आली तर

स्पष्ट विचारा. “कधी कधी जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. कधी, कसं, काही ठरवलं आहे का, पूर्वी प्रयत्न केला होता का, हेही विचारा. ठरवलं असेल तर एकटं सोडू नका, आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन.

धोका लगेचचा नसेल तर त्याच्याबरोबर बसून एका कागदावर लिहून काढा : विचार येऊ लागल्याची खूण काय, तेव्हा स्वतः काय करता येईल, कुठे जाऊन किंवा कोणाजवळ बसून मन वळेल, मदत कोणाकडे मागायची, केंद्राचा आणि देशातल्या हेल्पलाइनचा क्रमांक, आणि घरातून कोणत्या धोकादायक वस्तू हलवायच्या. शब्द त्याचेच हवेत. कागद त्याच्या खिशात, प्रत तुमच्याकडे.

शेतीच्या भागात कीटकनाशकांचा प्रश्न येतोच. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. त्याच देशात १८० गावांत एक चाचणी झाली. निम्म्या गावांतल्या घरांना कीटकनाशकं ठेवायला कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष आले : पेट्यांनी फरक पडल्याचं दिसलं नाही. म्हणून पेट्या वाटण्यात निधी घालवू नका. विषारी रसायनं घरात, गावात येणारच नाहीत यासाठी प्रशासनाकडे पाठपुरावा करा.

प्रयत्नातून वाचलेल्या माणसाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला या सगळ्या कामाचा कणा वाटतो. हॉस्पिटलमधून सुटताना तासभर बोलणं, आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट : कसे आहात, काही हवं आहे का. बस. हे मिळालेल्यांमध्ये आत्महत्येने मृत्यू ०.२ टक्के, न मिळालेल्यांमध्ये २.२ टक्के. तज्ज्ञ नाही, महागडं औषध नाही, नऊ वेळा आठवण ठेवणं. ज्या दिवशी अशी व्यक्ती घरी परतेल त्याच दिवशी नोंदवहीत पुढच्या नऊ तारखा लिहून टाका.

भगत-मांत्रिकांचं काय करायचं

त्यांच्याशी भांडू नका. लोक आधी तिथेच जातात आणि औषध चालू असतानाही जात राहतात. जाऊन भेटा आणि दोनच गोष्टी मागा : मारहाण, उपास, बांधणं नको, आणि गोळ्या बंद करायला सांगू नका. झोप उडालेला, स्वतःशी बोलणारा, फेफरं येणारा माणूस आला तर आमच्याकडेही पाठवा, असं म्हणा. काही जण ऐकतात. छळ थांबत नसेल तर मात्र कायद्याचा आधार घ्यायला मागेपुढे पाहू नका.

नोंदवही

किती शिबिरं झाली, किती जण आले, हे आकडे अहवालात शोभतात. तुम्ही तीनच आकडे ठेवा. पहिल्यांदा आलेल्यांपैकी महिन्याच्या आत किती जणांची दुसरी भेट झाली. सहा महिन्यांनी किती जण उपचारांत आहेत किंवा बरे होऊन थांबले आहेत. आणि महिन्यातले किती दिवस एखादं औषध संपलेलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वही उघडा, जे आले नाहीत त्यांची नावं काढा आणि त्यांच्या घरी जा. रागावून विचारू नका. का येता आलं नाही ते लिहून घ्या : भाडं नव्हतं, गोळीने त्रास झाला, सासूने नको म्हटलं, बरं वाटलं. तीन महिन्यांनी ही कारणं मोजा, पुढचा निधी कुठे घालायचा ते त्यावरून कळेल. अनेक ठिकाणी डॉक्टरांच्या आणखी एका फेरीपेक्षा प्रवासभाडं देणं जास्त कामी येईल.

वही कुलपात. गावासमोर जाणाऱ्या कोणत्याही यादीत नाव नको, क्रमांक चालेल.

कार्यकर्त्यांनाही कोणीतरी विचारायला हवं. रोज दुःख ऐकून त्यांची झोप उडते, आणि गावात एखादा मृत्यू झाला की त्या स्वतःला दोष देतात. आठवड्याच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं त्यांच्या स्वतःसाठी ठेवा. एका कार्यकर्तीकडे वीसपेक्षा जास्त चालू रुग्ण देऊ नका, असा माझा आग्रह राहील.

हंगामी स्थलांतर हा शेवटचा मुद्दा, आणि सहसा तो कोणाच्या लक्षात राहत नाही. कामासाठी लोक चार-सहा महिने बाहेर जातात आणि उपचार तिथेच तुटतात. ते निघण्याच्या पंधरा दिवस आधी कार्यकर्त्याने घरी जावं. डॉक्टरांशी बोलून जितक्या दिवसांची देता येतील तितक्या दिवसांची औषधं द्यावीत. औषधाचं नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि केंद्राचा फोन लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून द्यावी. ज्या गावी जात आहेत तिथलं जवळचं आरोग्य केंद्र कोणतं ते शोधून, तिथे एकदा फोन करून, त्या चिठ्ठीच्या मागे लिहून द्यावं. आणि परत यायचा महिना विचारून आपल्या वहीत त्या पानावर खूण करून ठेवावी.